रिकामा रकाना म्हणजे लाल

जावक क्रमांक ७
अरेरा कॉलोनी, भोपाळ
११ मार्च २०२५

चि. ऋतुजा,

आशीर्वाद. तू फोनवर म्हणालीस, "काका, एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना." टाकणार नाही. चौतीस वर्षं सचिवालयात काढली, त्यातून एकच गोष्ट शिकलो: जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही. तेव्हा तूही पुण्याहून कागदावरच उत्तर दे. लहानपणी तुझं अक्षर मीच वळवलं आहे, ते मोडलं की नाही तेही कळेल.

तर विषय. शेजारच्या अनुराधाबाईंकडे गेल्या महिन्यात एक जण "गॅसची नळी तपासायची आहे" म्हणून शिरला आणि त्यांच्याच ओट्यावरच्या बत्त्याने त्याने त्यांचं डोकं फोडलं. अकरा टाके पडले. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं वाक्य बोलल्या, "बत्ता घासून ठेवला का?" तेव्हापासून कॉलोनी पेटली आहे. आमच्या रहिवासी समितीने पार्कात लाठीचा सराव सुरू केला. सतरा सभासद, सगळे निवृत्त. आंब्याला पोतं टांगून त्यात भुसा भरलाय. ज्यांनी जन्मभर "कृपया चर्चा करावी" यापलीकडे कोणावर हत्यार उगारलं नाही, ते त्या पोत्याला बरगड्या असल्यासारखे हाणतात. काल पोतं फाटलं. टाळ्या वाजल्या.

तू करून देतेयस त्या "पहारा" अ‍ॅपवर समितीत चर्चा झाली. फाटकावर आलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक आपला चौकीदार रामसजीवन टाकणार, ती तपासणी कंपनी माणूस साफ आहे की गुन्हेगार ते कळवणार, आणि सगळ्यांच्या फोनवर हिरवं किंवा लाल दिसणार. इथवर एकमत. तू सुचवलेला तिसरा पिवळा रंग, "माहिती मिळाली नाही", तो मात्र नामंजूर. आमचे सचिव जयंतराव सोनवलकर म्हणाले, "पिवळा म्हणजे काय करायचं? अर्धं मारायचं?" मुद्दा बिनतोड आहे. माझ्या टेबलावर रकाना रिकामा ठेवून आलेली एकही नोटशीट मी पुढे जाऊ दिली नाही. रिकामा रकाना म्हणजे आपत्ति, आपल्या मराठीत हरकत, आणि आपत्ति म्हणजे परत. इथेही तसंच कर. रिकामा रकाना म्हणजे लाल.

तुझी काकू विचारते, तिथे पोळ्या कोण करतं.

तुझा काका,
विश्वनाथ देवपुजारी
अध्यक्ष, रहिवासी समिती


पुणे
१८ मार्च २०२५

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

पोळ्या मीच करते, म्हणजे करत नाही. काकूला यातलं पहिलंच सांगा.

तुमच्या आदेशाआधी माझी एक नोटशीट वाचा. कंपनीचा सर्व्हर आपल्या अ‍ॅपला जे उत्तर धाडतो, तो साध्या मजकुराचा कागदच असतो. आम्ही त्याला जेसॉन म्हणतो. डावीकडे रकान्याचं नाव, उजवीकडे मजकूर. निकाल: साफ. किंवा निकाल: गुन्हा नोंद. पण कधीकधी येतं, निकाल: नल. आता तुम्ही म्हणाल, नल म्हणजे भोपाळात तोटी. ही तोटीच आहे, फक्त पाणी आलेलं नाही. त्यांच्या मागचा सर्व्हर झोपला, वाटेत तार तुटली, काहीही असेल. कधी तर तो रकानाच कागदात नसतो. वर "दोनशे, सर्व ठीक" असा शिक्का मारलेला आणि आत काहीच नाही. तुमच्या खात्याचे कागद आठवून बघा.

म्हणजे नल हे त्या माणसाबद्दलचं उत्तर नव्हे. ते सर्व्हरबद्दलचं उत्तर आहे. तुमची नोटशीट परत यायची तेव्हा कागदाला लागत नव्हतं, काका. इथे ज्याचा रकाना रिकामा असेल तो फाटकावर उभा असेल आणि समोर सतरा काठ्या.

एवढं बोलून झालं. आता तुम्ही सांगितलंत तसं केलं आहे. एका ओळीचं काम होतं: "साफ" असं स्पष्ट लिहून आलं तर हिरवं, नाहीतर लाल. त्या ओळीखाली एक सोय मात्र मी माझ्या अधिकारात ठेवली. उत्तर रिकामं आलं तर अ‍ॅप सात मिनिटांनी पुन्हा विचारेल, आणि खरं उत्तर आलं की सगळ्यांच्या फोनची घंटा वाजून रंग बदलेल. सात मिनिटं तेवढी माणसाला बाकावर बसवा. पाणी द्या.

तुमची,
ऋतुजा


जावक क्रमांक १२
भोपाळ
२२ एप्रिल २०२५

चि. ऋतुजा,

आशीर्वाद. तुझं अ‍ॅप गाजतंय. चार इमलीच्या सरकारी बंगल्यांतल्या एका साहेबांनी सुद्धा चौकशी केली, म्हणजे आता त्याला सरकारी मान्यता मिळाल्यासारखीच आहे.

आजवर नऊ लाल सापडले. एक कुरियरवाला होता. जयंतराव त्याला एवढंच म्हणाले, "तुम्हारा नाम आ गया है," आणि त्यांनी हेल्मेटवरच लाठी घातली. हेल्मेट होतं म्हणून आवाज मोठा झाला आणि नुकसान कमी. एक जण पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा होता. त्याच्या नडगीवर निवृत्त उपसंचालकांनी जो फटका ठेवून दिला, त्याचा आवाज मला दुसऱ्या मजल्यावर आला. उपसंचालक परवा पोत्यासमोर धापा टाकत होते. माणसासमोर टाकल्या नाहीत. सरावाचा फायदा होतो.

दुसरी बाब. बऱ्याच सभासदांच्या घरची जुनी माणसं तपासणीशिवाय आत येतात, कारण "साहब का आदमी है". परवाच्या बैठकीत मी ठराव आणला आणि तो एकमताने झाला: ओळखपाळख बंद. वीस वर्षं येणारा असो, क्रमांक टाकायचा आणि रंग बघायचा. तुला ठाऊक आहे, सख्ख्या मेहुण्याच्या बदलीच्या अर्जावर "नियमानुसार" असं लिहून मी त्याला दूर झाबुआला धाडलं होतं. तुझ्या काकूने त्यावर्षी दिवाळीला फराळ केला नाही. तरी मी सही मागे घेतली नाही.

कडक उन्हाळा पडलाय. कूलरचं गवत बदलायला कमलेशला बोलवायचं आहे.

तुझा काका,
विश्वनाथ


पुणे
२९ एप्रिल २०२५

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी नोंदी उघडल्या. अ‍ॅपला आलेलं प्रत्येक उत्तर जसंच्या तसं जपून ठेवलेलं असतं. तुमच्या नऊ लालांपैकी "गुन्हा नोंद" असं दोघांच्याच नावापुढे आलं होतं, आणि त्यातल्या एकाचा गुन्हा सिग्नल तोडल्याचा आहे. बाकी सात रिकामे. सातही पुढे हिरवे झाले. तुमच्या कुरियरवाल्याला सातच मिनिटं लागली, दुसऱ्याच खेपेला तो साफ आला. तोवर त्याचं हेल्मेट वाजवून झालं होतं.

ज्याची नडगी फुटली तोही साफ होता. उपसंचालकांना कळवा. की कळवून उपयोग नाही?

काका, पिवळा रंग आणा. मी हात जोडून मागते आहे. तुमच्या समितीची मंजुरी आली की त्याच दिवशी अ‍ॅपमध्ये घालते. आणि तोवर कोणाच्या अंगाला हात लावू नका. पोत्याचं पुढे काय झालं तेही मला लिहू नका.

तुमची,
ऋतुजा


जावक क्रमांक १४
भोपाळ
१७ मे २०२५

चि. ऋतुजा,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. इथे एक किरकोळ प्रकार घडला, त्यात गुंतलो होतो.

१३ तारखेला दुपारी फाटकावर एकाचा रंग लाल आला. लोक जमले. झटापट झाली. त्याच्या पिशवीतून वीतभर लांब, टोकदार सुआ निघाला, त्यामुळे लोक अधिक भडकले. त्या भरात त्याला लागलं. इस्पितळात आहे. पोलिसांनी रामसजीवनला नेलं आहे, कारण ते आले तेव्हा काठी त्याच्या हातात होती. रीव्याकडची माणसं तापट असतात. वकीलसाहेब म्हणतात, फोनवर कोणी काही लिहू नका. पाहिलंस, माझी कागदाची सवय शेवटी कामाला आली.

तुझ्याकडून एक कागद हवा आहे. त्यात एवढंच लिही की तपासणी कंपनीकडून त्या इसमाबद्दल लाल असंच उत्तर आलं होतं आणि अ‍ॅपने ते दाखवलं. सहीनिशी. बाकी तपशिलाची गरज नाही.

काकू बरी आहे. बोलत कमी आहे.

विश्वनाथ


पुणे
२१ मे २०२५

ती. काका,

तुमच्या चौदा पत्रांतलं हे पहिलं असं आहे ज्यात माणसाचं नाव नाही. "एकाचा", "त्याला", "त्या इसमाबद्दल". म्हणून मी १३ मेची नोंद उघडली.

क्रमांक कमलेशचा आहे. आपल्या कमलेशचा. मी नववीत असल्यापासून दर उन्हाळ्यात तो आपल्या गच्चीत बसून कूलरच्या जाळीत गवत भरतो आणि सुतळीने शिवून घेतो. कशाने शिवतो, काका? वीतभर लांबीच्या सुआने. त्या सुआने एकदा माझ्या दप्तराचा बंद शिवून दिला होता त्याने. तुम्हीच त्याला चहा पाठवला होता.

तुम्हाला हवा तो कागद मी देऊ शकत नाही, कारण तसं उत्तर आलेलंच नाही. जे आलं ते असं. ४ वाजून १२ मिनिटं, निकाल: नल. ४ वाजून १९ मिनिटं, अ‍ॅपने पुन्हा विचारलं, निकाल: साफ. त्या मिनिटाला तुमच्या गल्लीतल्या एकतीस फोनांची घंटा वाजली. तीस फोनांवर ती कोणी उघडली नाही. एकावर उघडली, ४ वाजून २० मिनिटांनी. तो क्रमांक मला तोंडपाठ आहे. शाळेच्या डायरीत "पालक" या रकान्यात मी तोच लिहीत असे.

काकूशी मी बोलले. ती म्हणाली रुग्णवाहिकेला फोन तिने केला, साडेचारच्या सुमारास, आणि तेव्हाही आवाज येत होते.

मला एकच विचारायचं आहे. चार वाजून वीस मिनिटांनी तुम्ही हिरवं पाहिलंत का? हो किंवा नाही.

ऋतुजा


जावक क्रमांक १५
भोपाळ
२७ मे २०२५

चि. ऋतुजा,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. भाषा चौकशी समितीची आहे. असो, शिकवली मीच.

तू तिथे नव्हतीस. वातावरण काय होतं ते मी सांगतो. बेचाळीस अंश ऊन. अनुराधाबाई गॅलरीतून ओरडत होत्या, "हाच असेल, हाच असेल." जयंतरावांनी पहिल्या फटक्यात त्याचं मनगट मोडलं, कारण हातात सुआ होता. मग तो खाली बसला. मग कोणी पाठीत घातलं. कूलरचं गवत सगळीकडे पसरलं होतं आणि त्यावर तो कुशीवर पडून राहिला. उपसंचालकांचा चष्मा पडला, तो पायाखाली चुरडला, तर त्याचाही राग त्यांनी त्याच्यावरच काढला. तोंडावर कोण मारत होतं ते मला दिसलं नाही. त्याच्या जबड्याचा आवाज मात्र वाळकं लाकूड मोडावं तसा आला. तो कोणाचंही नाव घेत नव्हता. फक्त "बाबूजी, बाबूजी" म्हणत होता. तिथे सतरा बाबूजी होते.

फोन खिशात असतो. बोट लागून आपोआप उघडतो. तुम्हीच लोक तसे बनवता.

तुझे वडील गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. विदिशेहून मी तुला कडेवर घेऊन आलो. टायफॉइड झाला तेव्हा सव्वीस दिवस रजा टाकली, जन्मात टाकलेली एकमेव दीर्घ रजा. हे मी मोजून दाखवत नाही, फक्त नमूद करतो.

जुन्या नोंदी तीन महिन्यांनी पुसल्या जातात असं तू मागे म्हणाली होतीस. त्या आजच पुसल्या तर कोणाचं नुकसान आहे? कमलेश बरा होईल. रामसजीवनची काळजी समिती घेईल.

तुझा काका,
विश्वनाथ


पुणे
२ जून २०२५

ती. काका,

कमलेश परवा सकाळी गेला. तुम्हाला माहीत असेलच. तुमचं पत्र त्याआधी निघालं होतं, असं मी धरून चालते.

तुम्ही दीड पान लिहिलंत. ऊन किती होतं ते लिहिलंत, कोणाचा चष्मा फुटला ते लिहिलंत, कोणाचं मनगट कोणी मोडलं ते लिहिलंत. माझा टायफॉइडही आला. मी विचारलेल्या रकान्यात मात्र काही नाही. तुमच्या नियमाने मला काय करायला हवं ते आपल्या दोघांना ठाऊक आहे.

मी तसं करणार नाही. तुमच्यासाठी हा रंग मी पिवळा धरते. मला अजून उत्तर मिळालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी पुन्हा विचारते आहे. सात मिनिटं नाही, १० तारखेपर्यंत थांबते.

आता माझा रकाना भरते. पिवळा रंग एप्रिलच्या शेवटीच तयार होता. मंजुरी आली की घालीन, असं म्हणून मी तो ठेवून दिला. दोन आठवडे तो माझ्या संगणकात पडून होता आणि मी तुमच्या सहीची वाट बघत होते. अ‍ॅप माझं, ओळ माझी, चूक कळलेली, आणि थांबले कशाला, तर अध्यक्षांच्या सहीला. अक्षरच नाही, काका, तुम्ही माझं आणखीही पुष्कळ वळवलंत. "नाहीतर लाल" ही ओळ मी लिहिली, असा जबाब मी पोलिसांना देणार आहे. सगळ्या नोंदी सोबत जोडणार आहे. एकही पुसलेली नाही.

त्यात ४ वाजून २० मिनिटांची नोंदही जाईल. तुम्ही आधी बोललात तर ती तुमच्या शब्दामागे पुरावा म्हणून उभी राहील. नाही बोललात तर एकटीच बोलेल. तुरुंगात एक माणूस बसला आहे, त्याच्या रंगाचा प्रश्न आहे.

ऋतुजा


जावक क्रमांक १६
भोपाळ
९ जून २०२५

चि. ऋतुजा,

आशीर्वाद देण्याचा अधिकार उरला असेल तर आशीर्वाद. आज सकाळी ठाण्यात एक अर्ज दिला. मूळ हिंदीत आहे. तुझ्यासाठी मराठीत उतरवला. लिहायला चार दिवस लागले. एवढ्याशा मसुद्याला इतका वेळ मला कधी लागला नव्हता.

प्रति, ठाणे प्रभारी.

महोदय, मी विश्वनाथ देवपुजारी, वय एकाहत्तर, असं निवेदन करतो की १३ मे रोजी कमलेश याला माझ्या घरी माझ्या पत्नीने बोलावलं होतं. फाटकावर लाल रंग आला तेव्हा चौकीदार रामसजीवन म्हणाला, "साहब, ये तो अपना कमलेश है." जमलेल्यांपैकी एक जण हसून म्हणाला, "छोड़ो भाई, अध्यक्ष जी का आदमी है." कमलेशला सोडून द्यायला सगळे तयार होते. ओळखपाळख बंद करण्याचा ठराव माझा होता. माझा माणूस म्हणून सोडला असं कोणी म्हणू नये, यासाठी पहिला फटका मी मारला. तो खांद्यावर बसला. कमलेश माझ्याकडे बघून हसला. मी मस्करी करतोय असं त्याला वाटलं असावं. दुसरा फटका कानावर बसला, तेव्हा त्याचं हसणं थांबलं. अध्यक्षांनी दोन मारले म्हटल्यावर बाकीचे मागे कसे राहतील. पुतणीला लिहिलेल्या पत्रात मी जयंतराव सोनवलकरांचा फटका पहिला लिहिला आहे. तो तिसरा होता.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मी तो काढला, चष्मा लावला आणि वाचलं. हिरवं होतं. नाव, क्रमांक, निकाल: साफ. तेवढ्यात रामसजीवनही ओरडला, "साहब, हरा हो गया, हरा हो गया." गर्दीत कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं. मी फोन खिशात ठेवला. तेव्हा थांबलो असतो तर आधीचे सगळे फटके चुकीचे ठरले असते. चालू ठेवले तर निदान काहीतरी चालू होतं. म्हणून मी पुन्हा काठी उचलली. तोंडावर कोण मारत होतं ते मला दिसलं नाही, असं मी माझ्या पुतणीला लिहिलं. मला ते दिसलं नाही कारण मी काठीच्या मागे होतो.

पोलिसांची गाडी वळली तेव्हा मी रामसजीवनला म्हणालो, "ये पकड़ना ज़रा." नऊ वर्षं मी त्याला हेच म्हणत आलो आहे. छत्री, भाजीची पिशवी, वर्तमानपत्र. त्याने काठी धरली. कशाला, असं विचारलं नाही.

त्याला सोडावं ही विनंती. मला घेऊन जाण्यासाठी गाडी पाठवू नये. मी चालत आलो आहे, बाहेर बाकावर बसलो आहे.

विश्वनाथ देवपुजारी

प्रत: चि. ऋतुजा देवपुजारी, पुणे, यांजकडे. रकाना भरून सादर.